बहर पाहावा, मुळे तुडवू नयेत

वर्षारंभीच्या कोरड्या महिन्यांत बेंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये आणि अनेक रस्त्यांच्या कडेने गुलाबी बहर येतो. समाजमाध्यमांवर त्यास ‘चेरी ब्लॉसम’ म्हटले जाते. परंतु हा वृक्ष चेरी नव्हे. चेरी गुलाबाच्या कुळातील असून तिला फुलण्यासाठी थंडी लागते. बेंगळुरूचा हा वृक्ष म्हणजे उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेला टॅबेबुइया रोझिया. पानगळ झाल्यावर तो फुलांनी भरून जातो.

हा बहर योगायोगाचा नाही. बडोदा संस्थानात सेवा केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ जी. एच. क्रुम्बिगल १९०८ मध्ये बेंगळुरूला आले. वर्षभर एकामागून एक वृक्ष फुलत राहावेत, ही दृष्टी त्यांनी शहराला दिली. १९८० च्या दशकात वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांच्या पुढाकाराने झालेल्या व्यापक वृक्षलागवडीने शहराची हिरवाई वाढविली.

आज बहर पाहण्यास गर्दी लोटते, ही आनंदाचीच बाब आहे. मात्र छायाचित्रासाठी फांद्या हलविणे, फुले ओरबाडणे आणि खोडाभोवती दाटीने उभे राहणे योग्य नव्हे. फुले आपोआप गळतातच, मग बिघडले काय, असा युक्तिवाद केला जातो. तो अपुरा आहे. खरी हानी डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिकाणी होते. वृक्षाची अन्नशोषक मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या थरात पसरलेली असतात. सततच्या वर्दळीने माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. ट्रॅक्टरच्या चाकांखाली दबलेल्या रानात पीक का खुरटते, हे जाणणाऱ्या शेतकऱ्यास याचे अधिक स्पष्टीकरण नको.

यावर उपाय प्रवेशबंदी नव्हे, तर शिस्त होय. पायवाटा आखाव्यात, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे आणि गळलेल्या फुलांचे खत करावे.

कृषी पर्यटन केंद्रे चालविणाऱ्यांनी यातून बोध घ्यावा. मोहोरलेली आमराई वा फुललेले सूर्यफुलाचे शेत दाखविताना पाहुण्यांची वाट आधी ठरवावी. विस्तार कार्यकर्त्यांनीही पर्यटनाच्या प्रशिक्षणात उत्पन्नाच्या हिशेबाबरोबर मातीचा हिशेब शिकवावा. बहर काही दिवसांचा असतो. दबलेली माती सुधारण्यास मात्र वर्षे लागतात.