डोंगर चढणारी जीप ट्रकवर का चढते?

पावसाळ्यात गोव्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही ऑफ-रोड स्पर्धा २०१४ पासून होते. तिथे उतरणाऱ्या जिप्सी-जीपपैकी काही स्वतःच्या चाकांवर येत नाहीत, ट्रकवर बसून येतात. मग टर उडवली जाते : डोंगर चढते म्हणता, मग हायवेवर चालत नाही का?

चालते. पण चालवू नये.

चिखलासाठी केलेले बदल डांबरावर अंगाशी येतात. मड टायरचे जाड ठोकळे चिखल पकडतात, मात्र ओल्या डांबरावर टेकणारं रबर कमी पडतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. सस्पेन्शन उंच केलं की वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. काही जण मागचं डिफरन्शिअल कायमचं लॉक करून टाकतात. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, पण लॉकमुळे दोन्ही चाकं सारखीच फिरतात. चिखलात चाक घसरून ते निभावतं. आंबोली घाटातल्या वळणावर मात्र टायर घासतात, अ‍ॅक्सलवर ताण येतो. आणि समोरून एसटी येत असते.

खरा धोका परतीचा. ट्रेलवर पकड मिळावी म्हणून टायरमधली हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवलेली असते. ती न भरता हायवेला लागलं की टायर तापतो, फुटूही शकतो. दगडावर आपटून टाय रॉड वाकलेला, ब्रेकमध्ये चिखल, चालक दिवसभराचा दमलेला आणि सोमवारी ऑफिस! यात पणाला लागतो तो शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव, ज्याला या खेळाशी काही देणंघेणं नाही.

कायदाही बदल केलेल्या गाडीच्या बाजूने नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रकवर चढवल्याने बदल कायदेशीर होत नाहीत, हेही खरं. विम्याचं म्हणाल, तर न कळवलेल्या बदलांवरून क्लेम अडकू शकतो.

‘मित्राच्या गाडीला दोर बांधून नेऊ’ हा उपाय नव्हे. दोर बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला. धडधाकट गाडी घाटभर ओढायला नाही. स्वतःचा ट्रेलर घ्यायचा तर त्याची वेगळी नोंदणी लागते. त्यापेक्षा भाड्याचा फ्लॅटबेड सोपा. खर्च होतोच, पण तुटलेला अ‍ॅक्सल घेऊन रात्री घाटात अडकणंही फुकट नसतं.

कंपनीतून आली तशीच थार किंवा जिम्नी असेल, तर हा खटाटोप कशाला? खुशाल चालवत न्या, परतताना हवा भरा. ट्रकवर फक्त शान म्हणून चढवणारेही आहेत. त्यांना हात जोडावेत.

गाडी चढवताना टायरमध्ये पूर्ण हवा, गिअर टाकलेला, हँडब्रेक ओढलेला हवा. पट्टे बंपरला नव्हे, चाकांना बांधावेत. पहिल्या २०-३० किलोमीटरनंतर थांबून ते पुन्हा आवळावेत, ट्रकवाला कितीही कंटाळला तरी.