मुक्काम सावंतवाडीत, फेरफटका समुद्रावर!

सावंतवाडीकर मंडळी, आज थोडं लांब लिहितोय. विषय आपल्या बाजारपेठेच्या पोटापाण्याचा आहे, तेव्हा आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग काय सुनवायचं ते सुनवा.

कॅरॅव्हॅन आता आपल्याकडे नवलाईची राहिली नाही. बाहेरून टेम्पो ट्रॅव्हलरसारखी दिसणारी गाडी. आत बिछाना, शेगडी, फ्रिज आणि संडास. हॉटेल न घेता लोक आठ-आठ दिवस तिच्यातूनच फिरतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण धोरण आलं म्हणून गाडी लावायला जागा आपोआप होत नाही. मग या गाड्या रात्री जातात कुठे? सरळ समुद्राच्या तोंडाशी.

माझं म्हणणं साधं आहे. या गाड्यांचा मुक्काम सावंतवाडीत व्हावा, समुद्र त्यांनी रोज जाऊन बघावा आणि त्यासाठीची जागा नगरपरिषदेने आताच ठरवून ठेवावी.

किनाऱ्यावर मुक्काम का नको? शिरोड्याला, वेंगुर्ल्याला आतल्या वाड्यांमधून गाडी घालून बघा. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर वाकलेले माड, त्यात लोंबणाऱ्या विजेच्या तारा. समोरून एसटी आली तर दुचाकीवालाही पाय टेकून उभा राहतो, तिथे ही उंच गाडी मागे कोण घेणार? काही जण तर गाडी थेट वाळूत नेतात. मग ती रुतते आणि बाहेर काढायला गावातलीच पोरं धावतात.

दुसरं कासवांचं. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने चालतात. रात्रभर दिवे लावून उभी असलेली गाडी त्यांना समुद्राऐवजी उलट्या दिशेला नेते. शिवाय किनाऱ्यालगत पक्क्या सोयी बांधायच्या तर सीआरझेडचे नियम आडवे येतात, आणि ते असायलाच हवेत.

आता आपल्याकडे बघा. वेंगुर्ला, शिरोडा, आरवली, रेडी हे सगळं साधारण २५-३० किलोमीटरच्या टप्प्यात. मालवणला सकाळी निघून रात्री परत येता येतं. उलट्या बाजूला आंबोली तेवढीच लांब. याचा फायदा मोठा आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो, जून-जुलैत मासेमारी बंद असते, किनाऱ्यावर शुकशुकाट असतो. त्याच दिवसांत आंबोलीला गर्दी लोटते. म्हणजे ऑक्टोबर ते मे समुद्रासाठी आणि पावसात धबधब्यांसाठी, दोन्ही वेळा मुक्काम एकच गाव देऊ शकतं. खाऱ्या वाऱ्याने पत्र्याला गंज धरतो हे गाडीवाल्यालाही कळतं, त्यामुळे आतल्या गावात राहणं त्याच्याही सोयीचं.

आणि गावाला काय मिळेल? झाराप-पत्रादेवी रस्ता झाला आणि महामार्ग शहराबाहेरून गेला. पूर्वी गोव्याला जाणारा माणूस आपल्या बाजारातून जायचा. चहा घ्यायचा, चितार आळीतून पोरांसाठी लाकडी खेळणं घ्यायचा. एक रिक्षावाले काका परवा म्हणाले, "रस्तो बरो झालो, पण गिऱ्हाईक भायरच्याभायर गेला." एका वाक्यात सगळं आलं.

गाडी इथे लावून चार दिवस राहणाऱ्या माणसाला भाजी लागते, मासे लागतात, गॅस लागतो. कपडे धुऊन हवे असतात, गाडीला गॅरेज हवं असतं. मोठी गाडी जागेवर ठेवून समुद्रावर जायला रिक्षा, भाड्याची दुचाकी किंवा एसटी लागते. संध्याकाळी मोती तलावाला एक फेरी मारली की जेवायला तो आपल्याच खानावळीत येणार. यात कुणी एकटा करोडपती होणार नाही, पण पैसा वीस ठिकाणी फिरेल.

आता कळीची गोष्ट, जिच्यावर कुणी बोलत नाही. संडास.

या गाड्यांमध्ये मैल्याची टाकी असते. वास मारण्यासाठी तिच्यात रसायनही घालतात. दोन-तीन दिवसांनी ती टाकी रिकामी करावीच लागते. ठरलेली जागा नसेल तर ती कुठे ओतली जाईल हे सांगायला नको. ओढ्यात, रस्त्याकडेच्या झाडीत, रात्रीच्या अंधारात. आपला जांभा सच्छिद्र. वर ओतलेलं खालच्या विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. म्हणून सोय करायची तर सर्वात आधी मैला आणि सांडपाणी घेण्याची, ते नीट प्रक्रियेला जाण्याची. शोभेची कमान आणि सेल्फी पॉइंट नंतर. ही व्यवस्था होणार नसेल तर पार्कचा विषयच नको, हे मीच सांगेन.

काही जण म्हणतील, "आमची शांतता जाईल." बरोबर आहे, म्हणूनच संख्या बांधून द्या. सुरुवातीला फक्त दहा गाड्या. जागा तलावाकाठी नको, वस्तीला खेटून नको. रात्री दहानंतर जनरेटर आणि गाणी बंद. "पाणी आम्हालाच पुरत नाही," असंही कुणी म्हणेल. हिशेब करू: दहा गाड्यांना प्रत्येकी १०० लिटर दिलं तर दिवसाला १,००० लिटर. मीटर लावा आणि पूर्ण दर घ्या. एप्रिल-मेमध्ये टंचाई आली तर आधी गावाचं, मग पाहुण्याचं. फीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि हिशेब फलकावर लावा, म्हणजे उगाच कुजबुज नको.

गाड्या तर येणारच आहेत. आपण जागा दिली नाही तर त्या येऊन घाण मागे ठेवून जातील. जागा दिली तर चार पैसे ठेवून जातील. त्यातलं कोणतं हवं ते आपण ठरवायचं.

तुमच्या प्रभागातल्या नगरसेवकाला दोनच प्रश्न विचारा: दहा गाड्यांची जागा कुठे देणार? आणि त्यांचा मैला कुठे जाणार? दुसऱ्याचं उत्तर आधी घ्या. तुम्हाला योग्य वाटणारी जागा खाली लिहा. विरोध असेल तर तोही कारणासकट लिहा. जमतील तेवढ्या सूचना एकत्र करून मी निवेदन तयार करतो.