अंधाराची मोजदाद कोण करणार?

विजेच्या मागणीचा अल्पकालीन अंदाज ही तंत्रज्ञांनी आपापसांत मिटवावयाची बाब आहे, असा सोयीस्कर समज राज्यकर्त्यांनी रूढ केला आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 कालखंड पाडावयाचे, मागील वर्षांची भारनोंद, तपमान, पाऊस, वार आणि सण संगणकाला पुरवावयाचे, आणि उद्या कोणत्या घटकेला किती मेगावॅट लागतील ते त्याच्याकडून वदवून घ्यावयाचे. यात राजकारण ते कोठले, असा सवाल केला जातो. आमचे उत्तर असे की, राजकारण संगणकात नाही. त्याला पुरविलेल्या नोंदीत आहे.

उपकेंद्रातील मीटर मोजतो ती पुरविलेली वीज, मागितलेली नव्हे. भारनियमनाने तोडलेल्या वाहिनीच्या नोंदीत शून्य उमटते. त्या शून्याचा खरा अर्थ 'दिली नाही' असा; संगणक त्याचा अर्थ 'नको होती' असा लावतो. 2005 साली राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले आणि पुढे भारनियमनाची वर्गवारी वीजगळती व बिलवसुली यांवर बेतली गेली. एप्रिल 2022 च्या टंचाईतही अधिक गळतीच्या वाहिन्यांवरच प्रथम घाला पडला. हा अंधार उद्याच्या अंदाजात 'कमी मागणी' म्हणून शिरला, तर वीजखरेदीही तेवढीच होणार आणि पुढचा तुटवडा पुन्हा त्यांच्याच माथी बसणार!

तोडलेला भार मिळवून आम्ही 'अनिर्बंध मागणी' काढतो, असे अभियंते सांगतील. जाहीर भारनियमनापुरते ते ठीक. परंतु रोहित्र जळाल्याने दिवसचे दिवस अंधारात बसलेली वस्ती, कमी दाबामुळे न फिरलेला पंप, यांची बेरीज कोणी करावी?

शेतकऱ्याला तर मागणी विचारलीच जात नाही. आठवड्याच्या पाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, हा क्रम राज्याच्या मोठ्या भागाने वर्षानुवर्षे सोसला. पाणी केव्हा द्यावयाचे हे पिकाने नव्हे, शहरांच्या आणि कारखान्यांच्या भाराने ठरविले. सौर वाहिन्यांमुळे काही भागांत दिवसा वीज मिळू लागली, हे स्वागतार्ह आहे. परंतु साप-विंचवांच्या रात्रीत काढलेल्या त्या पाळ्या जुन्या नोंदींत 'शेतीची रात्रीची मागणी' म्हणूनच बसल्या आहेत. जो हुकूम होता, त्याला मागणी म्हणणे ही शुद्ध वंचना होय.

आम्ही अंदाजशास्त्राचे वैरी नाही. नियोजनावर श्रद्धा असणाऱ्यांना अचूक अंदाज हवाच. म्हणूनच आमची मागणी अशी : वाहिनीच्या नोंदीतील प्रत्येक शून्यापुढे भारनियमन, बिघाड की खरोखर मागणी नव्हती, हे कारण लिहिले जावे. अंदाज, प्रत्यक्ष भार आणि चूक तालुकावार प्रसिद्ध व्हावी. राज्याच्या सरासरीआड खेड्यांची चूक दडवू नये. आणि नोंदींच्या तपासणीत उपकेंद्रातील कामगार व शेतकरी यांचे प्रतिनिधी असावेत.

ज्यांची गरज कागदावर नोंदली जात नाही, त्यांना ती एक दिवस रस्त्यावर येऊन नोंदवावी लागते. त्या दिवसाचा अंदाज कोणताही संगणक वर्तविणार नाही.