‘येत नाही भाऊ तो’ म्हणण्याआधी

निवडणूक लागली की चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, होस्टेलच्या ओट्यावर एकच प्रश्न फिरतो : ‘कोण येतंय?’ कोण चांगला, कोण आपल्या कामाचा, हे नंतर. यादीत एखादा हमालांचा, शेतमजुरांचा किंवा अंगणवाडीताईंच्या मोर्चात दिसणारा नेता असला, तर त्याचा निकाल मतदानाआधीच लागतो. ‘माणूस चांगलाय, पण येत नाही भाऊ तो. कशाला मत वाया घालवायचं?’

या एका वाक्यानं आजवर किती उमेदवार पाडले, याची मोजणी कुठल्याच फेरीत होत नाही. कॉलेजातल्या मुलामुलींनी, विशेषतः पहिल्यांदा मतदान करणाऱ्यांनी, हे वाक्य उचलण्याआधी जरा तपासून पाहावं. त्यासाठी १९६७ सालच्या मुंबईत जाऊ.

दक्षिण मुंबईतून तेव्हा काँग्रेसचे स. का. पाटील उभे होते. केंद्रात रेल्वेमंत्री, मुंबई काँग्रेसवर वर्षानुवर्षं पकड, ‘मुंबईचा अनभिषिक्त राजा’ अशी ओळख. समोर संयुक्त समाजवादी पक्षाचे ३६ वर्षांचे जॉर्ज फर्नांडिस. मंगळूरचा हा मुलगा १९४९ साली काम शोधत मुंबईत आला, सुरुवातीच्या रात्री चौपाटीवरच्या बाकांवर काढल्या आणि वर्तमानपत्रात मुद्रितशोधकाची नोकरी केली. पुढं गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो आणि राममनोहर लोहिया यांच्या विचारानं तो कामगार चळवळीत शिरला. ‘हा येणार?’ असं म्हणून तेव्हाही अनेक शहाणी माणसं हसली असतील.

असं सांगतात की, आपल्याला कुणीच पाडू शकत नाही अशा अर्थाचं काहीतरी पाटील बोलून गेले आणि समाजवाद्यांनी तेच उचललं. मुंबईच्या भिंतींवर पोस्टर लागले, त्यांचा सूर होता : तुम्ही पाडू शकता. निकाल लागला तेव्हा पाटील जवळपास ३० हजार मतांनी हरले होते. फर्नांडिस यांना ‘जायंट किलर’ हे नाव मिळालं ते तेव्हापासून.

ही गोष्ट सांगताना आपण पोस्टरवरच थांबतो. पण त्या पोस्टरच्या मागं सतरा-अठरा वर्षांची मेहनत होती. हॉटेलातली पोरं, टॅक्सीवाले, महापालिकेचे सफाई कामगार, बेस्टचे कर्मचारी यांच्या युनियन त्यांनी बांधल्या, संप केले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेले. १९६१ साली ते महापालिकेत निवडून गेले. म्हणजे १९६७ च्या प्रचारात ज्यांनी त्यांच्यासाठी रात्र रात्र जागून काढली, ती माणसं भाड्यानं आणलेली नव्हती. त्यांच्या पगारवाढीसाठी, सुट्टीसाठी हा माणूस आधी भांडला होता.

‘ते मुंबईचं झालं, आपल्या वऱ्हाडात असं कुठं होतं?’ होतं की! शेजारच्या अमरावतीनं १९८९ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख लोकसभेत पाठवले. दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, वर्ध्यात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या रामचंद्र घंगारे यांनी वसंत साठेंसारख्या केंद्रात मंत्री राहिलेल्या दिग्गजाला हरवलं. कापूस पिकवणाऱ्या, उन्हानं भाजणाऱ्या आपल्याच मुलखात हे घडलं आहे.

आता पैशाकडे वळू, कारण ‘येत नाही’ या वाक्यामागं खरा अडथळा तोच आहे. कायदा म्हणतो, २५ वर्षं पूर्ण झालेला कुणीही मतदार लोकसभेला उभा राहू शकतो. १९६७ मध्ये अनामत रक्कम ५०० रुपये होती. आज ती २५ हजार आहे, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना निम्मी. एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत, तर ती जप्त. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे मजुराची जवळपास ८४ दिवसांची कमाई फक्त फॉर्म भरायला. मोठ्या राज्यांत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा आहे ९५ लाख. त्याच मजुरीनं ती रक्कम जमवायची तर रोज काम करून, एकही रुपया न खाता, ८७ वर्षांहून जास्त काळ लागेल. त्यात पक्ष स्वतःच्या प्रचारावर जो खर्च करतो, त्याला मर्यादाच नाही.

वेळेचंही तसंच. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला किंवा लहान पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. मोठ्या पक्षाचं चिन्ह लोकांना पाठ असतं, अपक्षाला ते माघारीची मुदत संपल्यावर मिळतं. २०२४ मध्ये बुलढाण्यात माघारीची शेवटची तारीख ८ एप्रिल होती आणि मतदान २६ एप्रिलला. सिंदखेडराजापासून जळगाव जामोदपर्यंत पसरलेल्या मतदारसंघात नवं चिन्ह पोहोचवायला मिळाले जेमतेम सोळा दिवस, तेही एप्रिलच्या उन्हात.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. ब्रिटनमध्ये १८९२ साली केअर हार्डी नावाचा माणूस संसदेत निवडून आला. लहानपणीच कोळशाच्या खाणीत कामाला लागलेला, पुढं कामगार पुढारी झालेला. (याच निवडणुकीत आपले दादाभाई नौरोजीही ब्रिटिश संसदेत गेले.) त्या काळी तिथं खासदाराला पगारच नव्हता. म्हणजे जमीन किंवा धंदा असलेल्यानंच लोकप्रतिनिधी व्हायचं, असा अलिखित नियम. कामगारांनी वर्गणी काढून आपले खासदार पोसले, तेव्हा कुठं १९११ मध्ये खासदारांना पगार सुरू झाला. दार आपोआप उघडत नाही, आधी कुणीतरी ते ढकलावं लागतं.

तरीही ‘मत वाया जातं’ हा मुद्दा अगदीच खोटा नाही, आणि तो टाळून पुढं जाणं बरोबर होणार नाही. आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मतं, तो निवडून येतो, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. २०२४ मध्ये प्रतापराव जाधव यांना साडेतीन लाखांच्या आसपास मतं मिळाली, नरेंद्र खेडेकर यांना सुमारे ३ लाख २० हजार, आणि अपक्ष रविकांत तुपकर यांना जवळपास अडीच लाख. तुपकर लाल झेंड्याचे नाहीत. ते शेतकरी चळवळीतले, सोयाबीन-कापसाच्या भावासाठी आंदोलनं केलेले. निकालानंतर ‘यानं त्याची मतं खाल्ली’ ही चर्चा गावोगाव रंगली.

पण मतं ‘त्याची’ कशी? मत मतदाराचं असतं, ते कुणाच्या सातबाऱ्यावर चढवलेलं नसतं. शिवाय त्या अडीच लाखांकडे दुसऱ्या बाजूनं पाहा. मोठ्या पक्षाचं तिकीट नसताना इतके लोक पिकाच्या भावाच्या प्रश्नावर एका बाजूला उभे राहतात, तेव्हा पुढच्या वेळी प्रत्येक उमेदवाराला सोयाबीनबद्दल बोलावंच लागतं. पराभूत उमेदवाराच्या मतांनाही वजन असतं, ते मोजणारे पक्ष हुशार असतात. मतविभागणीचा विचार जरूर करा, पण तो स्वतः करा. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी ढकललेल्या आकडेमोडीवर नको.

आणखी एक गोष्ट. कष्टकऱ्यांतून आला म्हणून कुणी देव होत नाही. जॉर्ज फर्नांडिस यांचाच पुढचा प्रवास बघा. १९७१ मध्ये त्याच दक्षिण मुंबईनं त्यांना नाकारलं. १९७४ चा रेल्वे संप त्यांनी लढवला. आणीबाणीत पकडले गेले आणि १९७७ मध्ये तुरुंगातूनच बिहारमधल्या मुझफ्फरपूरची जागा तीन लाखांहून जास्त मतांनी जिंकली. पुढं रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वेला चालना दिली. आणि नंतर भाजपच्या आघाडीत जाऊन संरक्षणमंत्रीही झाले, ज्यानं त्यांचे कितीतरी जुने समाजवादी सोबती दुखावले. तुम्हाला हा शेवट पटो वा न पटो, धडा सरळ आहे : गरिबीचं भांडवल करणाऱ्यालाही तेच प्रश्न विचारा, जे बंगलेवाल्याला विचारता. निवडणूक नसताना तुम्ही कुठं होता? कुणासाठी भांडलात? त्यातून काय मिळालं?

उत्तरं शोधायला फार धावपळ नको. प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, गुन्हे आणि शिक्षण यांचं शपथपत्र द्यावं लागतं. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर ते कुणालाही पाहता येतं. दोन रील कमी बघितल्या, की चार उमेदवारांची शपथपत्रं वाचून होतात. नाव यादीत नसेल तर फॉर्म ६ भरा. आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात, अठरा पूर्ण व्हायला जानेवारीचीच वाट पाहावी लागत नाही. मलकापूरच्या मित्रांनी एवढं लक्षात ठेवावं, की जिल्हा बुलढाणा असला तरी लोकसभेला त्यांचं मत रावेरला जातं. आणि एखाद्या प्रामाणिक माणसाला दहा सूचक हवे असतील, तर त्या दहांत तुमची सही असायला काय हरकत आहे?

पुढची लोकसभा २०२९ मध्ये आहे. आज एकवीस-बावीस वर्षांचे असलेले तुमच्यातले कितीतरी जण तोवर पंचविशी गाठतील, म्हणजे उभं राहायला पात्र होतील. बाजार समितीत पोती उचलणाऱ्या बापाची पोरगी, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला पोरगा, यांतलं कुणीतरी तेव्हा फॉर्म भरायला बुलढाण्याला जाईल. त्या दिवशी टपरीवर बसलेला त्यांचा कॉलेजातला दोस्त काय म्हणतो, यावर बरंच काही ठरेल.