दात आणि दाता

माणसाच्या तोंडात असतो तो दात. करवतीच्या पात्याला असतो तो दाता. केवळ एका कान्याचा हा फरक पुष्कळांना क्षुल्लक वाटतो. ‘करवतीचे दात’ असे म्हटले तरी अर्थ कळतोच, मग दोन शब्दांचा भार कशाला, असे ते विचारतात. तसे म्हणणे अगदीच चूक नव्हे; तथापि हे दोन शब्द दोन निराळ्या गोष्टी सांगतात, म्हणून दोन्हीही जपले पाहिजेत.

दात जिवंत असतो. तो हिरडीतून उगवतो. त्याच्या गाभ्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात, म्हणूनच तो ठणकतो. दुधाचे २० दात पडून त्यांच्या जागी नवे येतात आणि मोठेपणी एकंदर ३२ होतात. त्यांतला एखादा पडला, तर तो पुन्हा उगवत नाही.

दाता मात्र माणसाच्या हातून घडतो. सुतार करवतीचे दाते एकाआड एक डावीउजवीकडे किंचित वाकवतो. त्यामुळे लाकडातील चीर पात्याहून रुंद पडते व पाते अडकत नाही. दाते बोथट झाले की तो कानशीने घासून त्यांना पुन्हा धार आणतो. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. सायकल चालते तीही दातेरी चाकाच्या दात्यांत साखळी नेमकी बसते म्हणून.

भाषेची प्रकृतीही हाच भेद दाखवते. एक दात, अनेक दात. परंतु एक दाता, अनेक दाते. मनात अढी ठेवणारा दुसऱ्यावर दात धरतो, संतापलेला दातओठ खातो; दाते कोणी धरीत नाही की खात नाही. निर्जीव दात्याला राग कोठून येणार? ‘अन्नदाता’ या शब्दातील दाता, म्हणजे देणारा, हा तर संस्कृतातून आलेला तिसराच शब्द होय.

पुण्यात १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सात विभागांत प्रसिद्ध झाला. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आदी संपादकांनी ग्रंथांतील शब्दांबरोबर बोलींतील शब्दही कष्टाने वेचले. असे शब्द कोशात सुरक्षित राहतात, परंतु ते जगतात लोकांच्या तोंडी. कारागिराने घडवलेल्या वस्तूला त्याच्याच शब्दाने ओळखणे, हा त्याच्या कसबाचा मान राखणे होय.