निवृत्तीनंतरचा स्वाध्याय

जैन परंपरेने स्वाध्यायाची गणना आभ्यंतर तपांत केली असून त्याची पाच अंगे सांगितली आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. निवृत्त गृहस्थाला वाचन जमते, उपदेश तर सहज जमतो. अवघड जाते ती पृच्छना, म्हणजे शंका विचारणे. आयुष्यभर ज्यांचा सल्ला लोकांनी घेतला, त्यांना मोबाइलवरून पैसे कसे पाठवावेत हे नातवाला विचारणे जड जाते. तेथे आड येते ती स्मरणशक्ती नव्हे, तर मानकषाय.

ठाणे जिल्ह्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या स्त्रिया गुलाबी साडी नेसून, दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. शिकविणारी गावातलीच सून. तिची सासूही विद्यार्थिनींत होती. आजवर अंगठा उठविणारे हात सही करू लागले. परंतु सासूने सुनेला अक्षर विचारावे, हे यश सहीहून मोठे.

निवृत्तीच्या दिवशी पद आपोआप सुटते. मान मात्र स्वतःच सोडावा लागतो. ज्येष्ठांनी आज घरातील धाकट्याला एक तरी प्रश्न विचारावा. स्वाध्यायाचा आरंभ तेथूनच होईल.