इंजिनाच्या पोटातले आठ बोल्ट



रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर एक ताई आमच्याजवळ आल्या. हातात पिशवी, पिशवीत गॅरेजचे बिल आणि फडक्यात गुंडाळलेला एक तुटका बोल्ट. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हिशोबातले माणूस. हे बिल जरा बघा. आम्हाला कुणी फसवलं का, तेवढं सांगा."

ताईंचे पती जुनी डिझेल गाडी भाड्याने चालवतात. इंजिन तेल खाऊ लागले म्हणून ताईंनी बचत गटाचे कर्ज काढले आणि इंजिन नव्याने बांधून घेतले. तीनच आठवड्यांनी त्रिरश्मी लेणीचे पाहुणे घेऊन नाशिकहून परतताना, कसारा घाट उतरत असता, इंजिनातून घणाचे घाव बसावेत तसा आवाज झाला. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. माणसे सुखरूप राहिली, पण इंजिन गेले आणि कर्जाचे हप्ते मागे राहिले. शेजारीपाजारी म्हणाले, नजर लागली. कुणी लिंबू-मिरची बांधायचा सल्लाही दिला.

आम्ही बिल ओळीओळीने वाचले. बोअरिंग, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, गॅस्केट, मजुरी. बेरीज बरोबर होती. फसवणूक कुठेच नव्हती. मात्र एक ओळ बिलात नव्हती : कनेक्टिंग रॉडचे बोल्ट. मग आमच्या ओळखीच्या एका निवृत्त वर्कशॉप कामगाराला सोबत घेऊन आम्ही गॅरेजात गेलो. तिथे जे समजले, ते सर्वांच्या उपयोगाचे आहे म्हणून लिहितो.

पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याचे खालचे टोक दोन तुकड्यांचे असते. अर्धा भाग रॉडला, अर्धी कॅप, आणि दोन्ही जखडून ठेवणारे बहुधा दोन बोल्ट. चार सिलिंडरना आठ. पिस्टन वर जातो, थांबतो, खाली फिरतो. कॉम्प्रेशनच्या वेळी वरून दाब असतो, तो पिस्टनला अडवायला मदत करतो. पण धूर बाहेर टाकण्याच्या फेरीत वर कोंडलेली हवा नसते. पिस्टन तसाच पुढे जाऊ पाहतो आणि त्याला मागे खेचण्याचे काम त्या दोन बोल्टांवर पडते. इंजिन मिनिटाला 4000 फेरे फिरत असेल, तर ही ओढ मिनिटाला 2000 वेळा, तासाला 1,20,000 वेळा बसते. फेरे दुप्पट झाले की ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये गाडीच इंजिनाला पळवते. पाय ॲक्सिलेटरवर नसतो, आपल्याला वाटते इंजिन विसावा घेत आहे. बोल्टांच्या जिवावर तेव्हाच बेतलेले असते.

बोल्ट आवळला की तो सूतभरही नाही, पण थोडा ताणला जातो. त्या ताणानेच कॅप घट्ट बसते. कमी आवळला, तर प्रत्येक फेरीला सांधा उघडू पाहतो आणि वाकवून वाकवून तार तुटावी तसा बोल्ट थकून तुटतो. जास्त आवळला, तर तो कायमचा लांबतो आणि त्याची पकड जाते. म्हणून येथे हाताचा अंदाज चालत नाही, टॉर्क पाना लागतो. आट्यांना तेल लावायचे की काय, हेही मॅन्युअलप्रमाणे. कोरड्या आट्यांत जोर घर्षणातच जिरतो. पाना आकडा बरोबर दाखवतो, बोल्ट मात्र ढिला राहतो. पुष्कळ इंजिनांत बोल्ट ठरावीक जोराने आवळून वर काही अंश फिरवायचे असतात. असे बोल्ट एकदाच वापरायचे. इंजिन उघडले की नवे घालायचे.

ताईंच्या इंजिनात जुनेच बोल्ट साध्या पान्याने आवळले होते. तुटल्या जागी अर्धा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या रेषा, उरलेला खरबरीत. वर्कशॉपवाले काका म्हणाले, "हा त्या दिवशी तुटला नाही. रोज थोडा थोडा तुटत होता."

मग अधिक मजबूत बोल्ट घालावेत का? शर्यतीसाठी किंवा जास्त फेऱ्यांसाठी इंजिन बांधणारे लोक घालतात, आणि ते बरोबर आहे. भाड्याच्या गाडीला मात्र कंपनीचे नवे, अस्सल बोल्ट पुरतात. वरच्या दर्जाचे घालायचे तर अर्धे काम करू नये. ते जास्त जोराने आवळले जातात, त्यामुळे कॅपचे भोक गोल राहत नाही. बोल्ट आवळून भोक मोजावे लागते आणि मशीन शॉपमधून दुरुस्त करून घ्यावे लागते. नाहीतर नवे बेअरिंग जळते. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट, त्यावर 12.9 असा मोठा आकडा असला तरी, येथे चालत नाही. त्याची घडण वेगळी असते.

गॅरेजचा मिस्त्री आपल्याच वस्तीतला मुलगा. खाली मान घालून म्हणाला, "काका, उस्ताद असंच करायचे. मी तेच शिकलो." त्याच्या मनात खोट नव्हती. परंतु भगवान बुद्धांनी कालामांना काय सांगितले? परंपरा आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. गॅरेजातही हाच धम्म आहे. बोल्ट नजर लागून तुटत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण दूर केले की परिणाम टळतो.

बाबासाहेबांनी 1942 मध्ये व्हाइसरॉयांच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना आपल्या समाजासाठी तांत्रिक शिक्षणाची मागणी केली होती. हातात पाना आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्या पान्यामागचे शास्त्र हाती यावे, हा त्यामागचा विचार. मुलगा गॅरेजात जात असेल तर त्याला आयटीआयचा फॉर्म भरायला लावा. मुलीलाही.

इंजिन बांधायला देताना तीन प्रश्न विचारा. रॉडचे बोल्ट नवे आहेत का? टॉर्क पान्याने, मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे आवळणार का? प्रत्येक कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला, त्याच बाजूने बसवणार का? विचारण्यात संकोच कसला? घामाचा पैसा आपला आहे.

ताईंच्या गाडीत आता दुसरे इंजिन बसते आहे. मुलाने मजुरी घेतली नाही. टॉर्क पाना त्याने उधारीवर का होईना, विकत आणला. नव्या बिलात स्वतंत्र ओळ आहे : रॉड बोल्ट, नग आठ. त्यांची किंमत ताईंच्या घरच्या एका दिवसाच्या धंद्याइतकी. आधीच्या बिलात एवढीच ओळ असती, तर कर्ज दुसऱ्यांदा काढावे लागले नसते.

जय भीम!